शाल-श्रीफळ नको, चेस्ट नंबर द्या

लांब पल्ल्याच्या धावण्यात बीड जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांच्यामुळे. 2020 साली दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. आता 26 जानेवारी असो, शिवजयंती असो वा 29 ऑगस्टचा क्रीडा दिन, आपल्याकडे दौड ठरलेली असते. आणि दौड जाहीर झाली की वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. ‘भाऊ अंध आहे, त्याला पाच किलोमीटर पळू देतील का?’ ‘माझं 45 टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे, थेट पॅरा स्पर्धेत उतरता येईल ना?’ ‘आयोजक म्हणतात, पळायचं कशाला, तुमचा मंचावर सत्कार करू. काय उत्तर द्यावं?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शीर्षकातच दिलं आहे. बाकीच्यांची उत्तरं जरा सविस्तर बघू.

आधी एवढं ठरवा: हौस, स्पर्धा की सहभाग?

या तिन्ही वाटा वेगवेगळ्या आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

गावातल्या किंवा शहरातल्या दौडीत सगळ्यांबरोबर उतरायचं असेल, तर बहुधा कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. लागतो तो आयोजकांचा होकार आणि थोडी तयारी. पॅरा ॲथलेटिक्स, पॅरा जलतरण, पॅरा सायकलिंग अशा अधिकृत स्पर्धा खेळायच्या असतील तर कागदपत्रं, संलग्न संघटना आणि वर्गवारी अशी तिहेरी वाट आहे. तिसरी वाट वारीत चालण्याची, जत्रेला जाण्याची, ग्रामसभेत बसण्याची. तिथे पदक मिळत नाही, म्हणून आपण तिला खालची मानतो. माझ्या मते रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दौडीला लागलं नाही तरी पुढे पदोपदी लागतं, म्हणून हे काम उरकूनच टाका.

- स्वावलंबन पोर्टलवर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी अर्ज भरा. आधार, फोटो आणि उपचारांची जुनी कागदपत्रं हाताशी ठेवा. सेतू केंद्रातून अर्ज भरून घेत असाल, तर मोबाइल नंबर तुमचाच टाकायला सांगा. केंद्रचालकाचा नंबर पडला की तपासणीच्या तारखेचा निरोप तुमच्यापर्यंत पोचत नाही.
- तपासणीसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्याकडची मुख्य ठिकाणं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील, तर तिथेही अर्ज करता येतो. आष्टीकडच्या लोकांना ही तरतूद फार उपयोगाची आहे.
- दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा, स्वमग्नता हे सगळे त्यात येतात. ‘हातपाय धड आहेत, मग कसलं दिव्यांगत्व?’ असं कोणी म्हणालं, तर ही यादी दाखवा.
- बहुतेक आरक्षणांना आणि योजनांना 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागतं. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. बदलीत सवलत मिळावी म्हणून दिलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून 2023 मध्ये बीड जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. तेव्हापासून पडताळणी कडक झाली आहे. एजंटाने ‘टक्के वाढवून देतो’ म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. बोगस प्रमाणपत्राचा फटका शेवटी खऱ्या दिव्यांगालाच बसतो, त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं.

टक्केवारी वेगळी, वर्गवारी वेगळी

45 टक्केवाल्या वाचकाला उत्तर असं, की त्या प्रमाणपत्रावर थेट पॅरा स्पर्धेत उतरता येत नाही. रुग्णालय टक्के ठरवतं, क्रीडा वर्गवारी ठरवणारे तज्ज्ञ वेगळे असतात. तुमच्या व्यंगाचा त्या खेळातल्या हालचालीवर किती परिणाम होतो हे ते तपासतात. म्हणून 60 टक्के असलेला एखादा खेळाडू अपात्र ठरतो आणि 40 टक्केवाला पात्र ठरतो. यात अन्याय झाला असं समजू नका.

ॲथलेटिक्सच्या वर्गात ‘टी’ म्हणजे ट्रॅकवरचे प्रकार, ‘एफ’ म्हणजे फेकीचे. 11 ते 13 दृष्टिदोषाचे, 20 बौद्धिक दिव्यांगत्वाचा, तिशीतले सेरेब्रल पाल्सीसारख्या मेंदूच्या आजारांचे, चाळिशीतले ठेंगणेपणा आणि हातापायांच्या व्यंगाचे, पन्नाशीतले व्हीलचेअरचे, साठीतले कृत्रिम पायाचे. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य जिंकलं ते एफ 46 या वर्गात, म्हणजे हाताच्या व्यंगाच्या. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव एफ 34 मध्ये बसून गोळा फेकतात. पॅरिसच्या उद्घाटनात भारताचा ध्वज त्यांच्याही हातात होता. दमसासाच्या खेळांकडे ओढ असेल, तर पॅरिसला पॅरा सायकलिंगमध्ये उतरलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या ज्योती गडेरिया यांचं उदाहरण आहे.

कर्णबधिर वाचकांनो, तुमची वाट निराळी आहे. कर्णबधिरांचे प्रकार पॅरालिम्पिकमध्ये नाहीत, त्यांच्यासाठी डेफलिम्पिक्स असतं. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही स्वतंत्र चळवळ आहे. तिथे दिव्यांग आणि इतर मुलं एकाच संघात खेळतात असेही प्रकार आहेत. सुरुवात करायला ती जागा चांगली.

सगळ्यांची पहिली पायरी मात्र एकच: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. तिथे जाऊन ‘मान्यताप्राप्त राज्य संघटना कोणती?’ हा प्रश्न आधी विचारा. पैसे भरले की ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ पदक गळ्यात घालणाऱ्या स्पर्धांचं पेव फुटलं आहे. पुढे नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी विभागीय उपसंचालकांकडे प्रमाणपत्र पडताळणीला गेलं, की तो कागद रद्दी ठरतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं मराठवाड्याला नवीन नाहीत.

सराव: आपलं शरीर ओळखून

आधी डॉक्टरांना दाखवा, हे सगळेच सांगतात. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते पुढे दिलं आहे.

*मणक्याला इजा असेल तर.* इजा छातीच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर खालच्या अंगाला पुरेसा घाम येत नाही. शरीर तापतं आणि कळत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव पहाटेच करा, ओला पंचा आणि पाण्याचा फवारा जवळ ठेवा. दुसरं त्याहून महत्त्वाचं. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेच्या वर दरदरून घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. लगेच ताठ बसवा, आडवं करू नका. लघवीची नळी कुठे मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का बघा, कपडे-पट्टे सैल करा आणि आराम पडला नाही तर रुग्णालय गाठा. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. सराव झाला की बैठकीची जागा आरसा धरून तपासा. लाल चट्टा दिसला आणि तो जाईना, तर तो जाईपर्यंत त्या भागावर भार देऊ नका.

*पोलिओ झालेला असेल तर.* भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला, म्हणजे आज पोलिओचे परिणाम घेऊन जगणारे बहुतेक जण प्रौढ आहेत. या वयात अति व्यायामाने उरलेले स्नायूही दुबळे पडू शकतात. आज चाललात आणि उद्याही थकवा गेला नाही, तर आजचं अंतर जास्त झालं असं समजा. ‘जोर लावून’ पाय सुधारत नाही. असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका.

*कृत्रिम पाय असेल तर.* जयपूर फूट चालायला, शेतात वावरायला उत्तम आहे, पण लांब पळण्यासाठी तो बनवलेला नाही. भरभर चालण्यापासून सुरुवात करा. घामाने ओला झालेला मोजा बदलायला सोबत दुसरा कोरडा मोजा ठेवा. मधुमेहाने पाय गेला असेल तर फोड आलेला कळणारही नाही, म्हणून सॉकेट काढून नजरेने बघा, दुखण्याची वाट पाहू नका.

*अंध धावपटूंसाठी.* सोबती तुमच्यापेक्षा वेगवान हवा, कारण पळता पळता त्याला बोलायचंही असतं. हात पकडून ओढायचं नाही. दोघांच्या हातात एक आखूड दोरी, साधी बुटाची नाडीसुद्धा चालते. कोपरं एका लयीत हलू द्या. सोबत्याने सांगायचं ते थोडक्यात आणि वेळेआधी: ‘पुढे गतिरोधक, तीन, दोन, एक’, ‘डावीकडे हलकं वळण’, ‘उजवीकडे पाण्याचं टेबल’. शेवटच्या रेषेवर अंध धावपटू पुढे, सोबती मागे. अधिकृत स्पर्धेत हा नियमच आहे, तेव्हा सवय आतापासून लावा. सायकलची आवड असेल तर दोघांनी चालवायची टँडम सायकल आहे. पुढे डोळस, मागे अंध. पुण्यातले दृष्टिहीन साहसी खेळाडू दिव्यांशु गणात्रा आणि त्यांच्या ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ या संस्थेने दिव्यांग आणि इतर यांच्या एकत्र मोहिमा अशा सायकलींवर मनालीहून खारदुंग ला खिंडीपर्यंत नेल्या आहेत.

*तीनचाकीवर असाल तर.* शिबिरात मिळालेली हाताने फिरवायची तीनचाकी ही प्रवासाची गाडी आहे, शर्यतीची नव्हे. ती जड असते आणि सगळा भार खांद्यावर येतो. खांदा दुखावला तर घरातली उठबससुद्धा थांबते. टायरमध्ये हवा भरपूर ठेवा, साखळीला तेल द्या, हातमोजे घाला, ब्रेक रोज तपासा. उतार टाळा. मांजरसुंब्याच्या घाटात तर नकोच. सोलापूर-धुळे महामार्गावर अंधारात सराव करायला जाऊ नका, क्रीडा संकुलाचं मैदान किंवा शाळेचं पटांगण मागा.

*डाउन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर.* कोलांटउडी, सूर मारणं असे मानेवर ताण देणारे प्रकार डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय करू देऊ नका. चालणं आणि पळणं बहुतेकांना झेपतं. वाट तीच, वेळ तीच, सोबती तोच ठेवलात तर मुलं लवकर रुळतात.

दौड भरवताय? मग हे करा

आयोजकांची अडचण बहुधा मनाची नसते, अंदाजाची असते. काय लागेल ते माहीत नसतं आणि मग सोपा मार्ग म्हणून मंच, शाल आणि नारळ. खरं तर लागतं ते थोडंच.

- नोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: ‘तुम्हाला कोणती सोय लागेल?’ आजाराचं नाव विचारू नका, सोय विचारा.
- अंध धावपटूच्या सोबत्याला प्रवेश फी लावू नका, पण चेस्ट नंबर द्या. त्यावर ‘सोबती’ असं लिहिलेलं असावं.
- व्हीलचेअर आणि तीनचाकीवाल्यांना दहा-पंधरा मिनिटं आधी सोडा. गर्दीत त्यांनाही आणि पळणाऱ्यांनाही इजा होते.
- मार्ग ठरवताना एकदा तीनचाकीवर बसून फिरा. गतिरोधक, खडी, गटाराची उघडी झाकणं तेव्हाच दिसतात.
- कर्णबधिरांसाठी शिट्टीबरोबर झेंडाही हलवा. मार्गावरच्या स्वयंसेवकांना हाताने दिशा दाखवायला सांगा.
- पाण्याचं टेबल बसलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीचं ठेवा.
- स्वच्छतागृह आधी बघा. तिथे पायरी असेल तर लाकडी फळीचा उतार करा. बायकांसाठी हे दुप्पट महत्त्वाचं आहे. दिव्यांग मुली दौडीला येत नाहीत याचं पहिलं कारण मला तरी हेच दिसतं.
- वेळेची मर्यादा सैल ठेवा. सगळ्यात शेवटी येणाऱ्याची वेळही लिहा. तो येण्याआधी मंडप सोडू नका.
- बक्षीस द्यायचं तर स्पर्धा म्हणून द्या, गटवार, वेळेनुसार.

टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांची स्वतंत्र शर्यत वर्षानुवर्षं होते. तसा गट ठेवायला हरकत नाही, पण ज्याला मुख्य दौडीत पळायचं आहे त्याला तिकडे ढकलू नका. निवड धावणाऱ्याची. आणि कृपा करून फोटोखाली ‘अपंगत्वावर मात’ लिहू नका. त्याने किती अंतर किती वेळात कापलं ते लिहा, जसं इतरांचं लिहिता.

शाळेतला पीटीचा तास

दिव्यांग मूल झाडाखाली बसलेलं असतं आणि वर्गाची दप्तरं सांभाळतं, हे चित्र आपल्या कितीतरी शाळांत दिसतं. बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांना मुलाला जपायचं असतं. पण दिव्यांग हक्क कायद्याचं 16 वं कलम सांगतं, की सरकारी, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलाला खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. पालकांनी भांडायला जाण्याआधी एक छोटी सूचना घेऊन जावं: ‘तिला लंगडी जमत नाही, पण फेकाफेकीत ती राज्य घेऊ शकते.’ सूचना ठोस असली की शिक्षक तयार होतात. तरीही नाहीच झाले, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वारी, जत्रा, ग्रामसभा

खरं पाहता आपल्या जिल्ह्यातला दमसासाचा सगळ्यात मोठा उपक्रम कोणत्याही क्रीडा संघटनेचा नाही, तो वारीचा आहे. पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी रायमोहा, पाटोद्याकडून जाते, मुक्ताईंची बीड शहरातून, शेगावची परळी-अंबाजोगाईवरून. दिव्यांगांनाही या वाटेने चालायचं असतं आणि ‘तुझ्याच्यानं व्हायचं नाही’ म्हणून घरचेच अडवतात. दिंडीचालकांशी आधीच बोला. सगळी वाट चालायलाच हवी असं नाही. एक मुक्काम ते दुसरा मुक्काम, किंवा गावाच्या वेशीपासून पालखीतळापर्यंत चाला, उरलेलं अंतर दिंडीच्या गाडीत. औषधांची पिशवी सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, अंगाशी ठेवा. बोलता न येणाऱ्याच्या किंवा वाट चुकणाऱ्याच्या खिशात दिंडीचा क्रमांक आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. परळीला वैजनाथाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा महाशिवरात्रीचा दिवस टाळून साध्या दिवशी जा आणि चाकाच्या वाटेची चौकशी आधी करा. उचलून नेण्याची हौस भाविकांना फार. ‘उचलू का?’ असं विचारल्याशिवाय कोणी हात लावू नये, हे स्पष्ट सांगा.

ग्रामसभेचं महत्त्व पैशांमुळेही आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोनच गोष्टी मागा: गावातल्या दिव्यांगांची नोंदवही आणि गेल्या वर्षीच्या 5 टक्क्यांचा हिशोब. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. हा पैसा व्यक्तीला मिळू शकतो तसा सामूहिक सोयीलाही वापरता येतो. पटांगणाला उतार बांधायचा तर इथूनच.

प्रवासाला एसटीच्या साध्या बसमध्ये 40 टक्क्यांपासून पुढच्या दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे. 65 टक्के किंवा अधिक असेल तर सोबत्यालाही निम्मी. स्पर्धेला जाताना सोबत्याची सवलत लोक विसरतात.

नकार मिळाला तर

कायद्याच्या 30 व्या कलमाने खेळात भाग घेण्याचा दिव्यांगांचा हक्क मान्य केला आहे आणि मैदानं, सोयी, योजना त्यानुसार करण्याची जबाबदारी सरकारवर आणि क्रीडा संस्थांवर टाकली आहे. नकार मिळाला तर या क्रमाने चला:

1. नकार लेखी मागा. निम्मे नकार इथेच विरघळतात.
2. सरकारी कार्यालय असेल तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. 23 व्या कलमानुसार असा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे.
3. त्याने काम झालं नाही, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.
4. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान किंवा मारहाण झाली असेल, तर ती 92 व्या कलमाखाली पोलिसांची बाब आहे. सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे.

खासगी दौडीच्या आयोजकांशी मात्र कलमं घेऊन भांडण्यापेक्षा वरची सोयींची यादी घेऊन जा आणि सोबत दोन स्वयंसेवक न्या. काम लवकर होतं.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. तुम्ही दसरा-दिवाळीच्या सुमारास निघता आणि उन्हाळा लागला की परतता. त्या काळात गावात होणारी शिबिरं तुमच्या हातून निसटतात. दिव्यांग मूल आजीजवळ राहणार असो की फडावर बरोबर येणार असो, यूडीआयडीचं काम मे ते सप्टेंबरमध्येच संपवा. हे कार्ड देशभर चालतं, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावरही आणि कर्नाटकातल्याही.